झालरीमागचे शेपूट

वैनगंगेच्या काठी गळ घेऊन बसणाऱ्या आमच्या तरुण शौकिनांत अलीकडे असा परिपाठ पडत चालला आहे की, स्पिनरबेट हे फिरत्या पात्यांचे कृत्रिम आमिष दोरीला बांधले म्हणजे त्याच्या गळावर मऊ प्लास्टिकचा ट्रेलर, अर्थात झालरीमागे वळवळणारे एक शेपूट, ओवल्यावाचून ते पाण्यात टाकावयाचेच नाही. हा परिपाठ मला अर्धाच मान्य आहे. ट्रेलरचे खरे प्रयोजन आमिषाला मंदगती देणे हे होय. जेथे मंदगतीची निकड आहे तेथे त्याच्यासारखा साह्यकारी नाही, आणि जेथे ती नाही तेथे तो निव्वळ भार होऊन बसतो.

स्पिनरबेटची घडण साधी आहे. पोलादी तार व्ही अक्षरासारखी वाकवून तिच्या खालच्या भुजेस शिशाचे डोके, गळ आणि सिलिकॉनच्या बारीक पट्ट्यांची झालर बसवितात, व वरच्या भुजेस फिरती पाती. गोलसर कोलोरॅडो पाते पाण्याला धडधडीत हादरे देते. विलो नावाचे लांबट पाते चमकते अधिक, हादरते कमी. झालरीमागे काही जोडण्याची युक्ती प्लास्टिकच्याही आधीची असून अमेरिकेत त्या कामी डुकराच्या खारवलेल्या कातड्याची पट्टी वापरीत. १९४९ साली ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन येथे निक क्रीम यांनी मऊ प्लास्टिकचे गांडूळ ओतले, आणि पुढे त्या जातीच्या आमिषांनी कातड्याची जागा हळूहळू बळकावली.

ट्रेलर ओवला की आमिषाचे आकारमान वाढते, पाण्याचा आधार त्याला अधिक मिळतो, आणि रीळ अगदी संथ फिरविले तरी ते तळाला न बसता अधांतरी पुढे सरकत राहते. पावसाळा सरता सरता, वैनगंगेचे पाणी अजून मातकट असताना, याचा उपयोग कळतो. गढूळ पाण्यात शिवडा मासा भक्ष्य डोळ्यांनी फारसे शोधीत नाही. मिशांचा स्पर्श, वास आणि अंगावरील पार्श्वरेषेला जाणवणारे कंप यांवर तो विसंबतो, व अशा वेळी कोलोरॅडो पात्याच्या जोडीला वल्ह्यासारख्या चपट्या टोकाचे जाड शेपूट दिले, तर आमिष त्याच्या टप्प्यात अधिक काळ राहते. हीच नदी पौष-माघात निवळून उथळ झाली म्हणजे ते जाड शेपूट काढून टाकावे, विलो पाते लावावे आणि नुसत्या झालरीवर वेगाने ओढावे. फार तर दुभंगलेल्या टोकाचा एक बारीक ट्रेलर चालेल.

परंतु ट्रेलरचे खरे क्षेत्र नदी नसून तलाव आहे. भंडारा-गोंदियापासून बालाघाटपर्यंतच्या धानपट्ट्यात जे मालगुजारी तलाव विखुरलेले आहेत, त्यांच्या कडेला कमळाचे देठ आणि शिंगाड्याचे वेल यांची अशी दाटी असते की, उघडा गळ तेथे दोन हातही मोकळा येत नाही. व्हीच्या तारेने मात्र देठ बाजूस सारले जातात आणि गळ त्यांच्या आडून निसटतो. या दाटीत दबा धरून बसणारी मरळ लांबवर पाठलाग करण्याच्या भानगडीत पडत नाही. हवा घेण्यासाठी ती अधूनमधून पृष्ठावर येते, तेव्हा पाण्यावर उमटलेल्या वलयाच्या थोडे पलीकडे आमिष टाकून ते वलयावरून सावकाश ओढीत आणावे. दुहेरी शेपटीचा ट्रेलर येथे आपले सर्व मोल वसूल करून देतो.

ओवण्यात मात्र हयगय नको. ट्रेलरचे नाक गळाच्या टोकावर बरोबर मध्यभागी धरून तो गळाच्या वाकेपर्यंत सरळ सारावा व टोक पाठीच्या मध्यरेषेतून बाहेर काढावे. रेसभर जरी तो तिरपा बसला, तरी ओढताना सारे आमिष कुशीवर कलंडते आणि पात्यांची लय बिघडते. झालरीबाहेर शेपूट फार लोंबत असेल तर नाकाकडचा अर्धा इंच कापून टाकावा, कारण मासा शेपटी चावून पळतो आणि गळ कोराच राहतो, ही तक्रार बहुधा लांबीतून उद्भवते. आणखी एक गोष्ट: मऊ प्लास्टिक कडक प्लास्टिकच्या आमिषांसोबत एकाच डब्यात ठेवू नये, त्यातील मार्दव आणणारे द्रव्य पाझरते आणि उन्हाळ्यात दोन्ही विरघळून एकमेकांस चिकटतात.

हे प्लास्टिक पाण्यात राहणे मला मुळीच मंजूर नाही. मरळीच्या दातांनी तुटलेला ट्रेलर कुजत नाही, पाण्यात फुगतो, आणि एखाद्या माशाने गिळला तर त्याच्या पोटात अडकून बसू शकतो. शिवाय हे पाणी आपल्या एकट्याचे नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारांचे, म्हणजे गावच्या जमीनदारांचे, हक्क संपुष्टात येऊन तलाव सरकारजमा झाले. आज अनेक तलावांच्या मासेमारीचा पट्टा मच्छीमार सहकारी समित्यांकडे आहे, आणि ज्या पाण्यात आपण रविवारची करमणूक शोधतो त्याच पाण्यात ढीमर कुटुंबे छातीएवढ्या खोलीत उतरून शिंगाडा तोडतात. समितीची परवानगी घेतल्याविना गळ टाकू नये, आणि प्लास्टिकचा तुटका तुकडा खिशात घालूनच घरी परतावे, हा दंडक प्रत्येक शौकिनाने स्वतःवर घालून घ्यावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीचा बंद काळ. पण मरळीचा वंशविस्तार पंचांग पाहून थांबत नाही. बंदी उठल्यावरही एखाद्या कोपऱ्यात तांबूस पिलांचा थवा पाण्याच्या पृष्ठाशी खदखदताना दिसतो आणि त्याखाली आईबाप पहाऱ्यावर असतात. अशा वेळी त्यांना भूक नसली तरी थव्याजवळून जाणाऱ्या वस्तूवर ते तुटून पडतात, आणि संथ चालीचे, ट्रेलर लावलेले स्पिनरबेट तर त्यांच्या तोंडी हमखास सापडते. पालक गेले की पिले इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात. थवा दिसताच दोरी गुंडाळून दुसरा काठ धरावा.

— तीरस्थ