शेकोटी कुणाच्या मोळीची?

भाटघर किंवा पानशेतच्या पाण्याकाठी रात्र घालवण्याची कुठलीही जाहिरात उघडा. तंबू, बार्बेक्यू, गाणी आणि शेवटी 'कॅम्पफायर'. गडावर मुक्कामाला जाणाऱ्यांच्या गटातही पहिला प्रश्न हाच असतो, की शेकोटी करणार ना? माझं म्हणणं सरळ आहे. भोर-वेल्ह्याच्या गडांवर, सोंडांवर आणि पठारांवर आपण, म्हणजे शनिवारी पुण्याहून जाऊन रविवारी परतणाऱ्यांनी, शेकोटी पेटवू नये. पेटवायचीच असेल तर गावात, कुणाच्या तरी अंगणात, लाकडाचे पैसे मोजून पेटवावी. तीही पेटवायला आणि मुख्य म्हणजे विझवायला शिकल्यावर.

हे मी शहाणपणाच्या उंचीवरून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी तोरण्याच्या एका सोंडेवर आम्ही पाच जण होतो, पाचही इंजिनियर. खाली पडलेलं लाकूड पुरेना म्हणून ऐनाची ओली फांदी तोडली. ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. आधी ते पाणी उकळून जातं, मग लाकूड पेटतं; तोवर मिळतो तो धूर. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात हे लिहून आम्ही पास झालो होतो. शेवटी बाइकमधलं पेट्रोल बाटलीतून आणलं होतं, ते ओतलं. भडका उडाला, फोटो निघाले.

सकाळी राखेत काठी घातली तर आत लालबुंद निखारे. पाणी रात्रीच संपलं होतं. वरून राख आणि माती लोटली आणि निघालो. दिवसभर गडावरून मी त्या सोंडेकडे बघत होतो. चहूकडे गुडघाभर वाळलेलं गवत. काही झालं नाही, पण त्यात आमचं कर्तृत्व शून्य.

उतरल्यावर खालच्या गावात एका घरी चहाला थांबलो. आजींनी चुलीतली राख उकरली, आतला कालचा विस्तव वर काढला, त्यावर गोवरीचा तुकडा आणि चार काटक्या ठेवल्या आणि फुंकणीने दोनदा फुंकलं. जाळ झाला. विस्तव सकाळपर्यंत टिकवायचा असेल तर तो राखेत पुरून ठेवतात. आम्ही विझवण्यासाठी नेमकं तेच केलं होतं. आजींनी रात्रीचा उजेड खालून पाहिला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "लाकडं कुठनं घेतली रं?"

त्या प्रश्नाचं उत्तर आपल्यापैकी कुणाकडेच नसतं. 'पडलेलंच तर घेतलं' असं आपण म्हणतो. पण डोंगरात पडलेलं लाकूड बेवारस नसतं. गॅसची शेगडी घरात आली तरी अंघोळीचं पाणी आणि भाकरी अनेक घरांत अजून चुलीवरच असतात, आणि मृगाच्या आधी चार महिन्यांचं जळण पडवीत रचून ठेवावं लागतं. त्यासाठी बाई डोक्यावर मोळी घेऊन तीच वाट उतरते, जी आपण ट्रेकिंगच्या बुटांनीही जपून उतरतो. आमच्या एका रात्रीत दोन मोळ्या सहज जळाल्या असतील. भाकरी एकही भाजली नाही.

वणवा लागला की मात्र बोट गावाकडे जातं. 'चांगलं गवत यावं म्हणून हेच लोक लावतात.' काही लावतात, हे खरं आहे आणि ते चूकच आहे. पण गावाच्या आगीला शिस्तही असते. भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तेव्हा शेण, पाला, गवत यांचे थर देऊन वर माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात, म्हणजे आग धावत नाही, सावकाश भाजत जाते. माणूस जवळ उभा असतो. आपण पेटवतो आणि तंबूत झोपतो. राखीव वनात आग पेटवण्यावर भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ चे निर्बंध आहेत. वणवा पसरू नये म्हणून वनखातं जाळरेषा काढतं. त्या रेषेच्या आत बसून आपण मार्शमेलो भाजतो. वाळल्या गवताचा डोंगर पेटला की काय होतं हे मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात दिसलं. कुरंगणीच्या वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर गेले.

यावर ठरलेलं उत्तर येतं, 'मावळेही शेकोट्या पेटवत असतील की!' असतील. पण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावर झाडं लावावीत, असलेली जतन करावीत, प्रसंगी त्यांचं लाकूड कामी येईल, असं बजावलं आहे. रयतेची आंबा-फणसाची झाडं तोडू नयेत, कारण ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हेही त्यातच आहे. मावळ्यांचा वारसा सांगायचा तर तो हा. राजगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. तिथल्या चिऱ्यांवर आपली काजळी कशाला?

दुसरा आक्षेप रोजगाराचा, आणि तो मला मान्य आहे. म्हणूनच अंगण आणि विकतचं लाकूड. मोळीचे पैसे बिलात स्वतंत्र लिहा आणि जिने ती वाहून आणली तिच्या हातात द्या.

आणि शिका. तळाशी पेंढा, त्यावर काडेपेटीतल्या काडीएवढ्या काटक्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. मनगटाएवढं लाकूड सगळ्यांत शेवटी, आणि मध्ये हवेला जागा. पेट्रोल नाही. शेजारी भरलेली बादली. झोपण्याआधी पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेत तळहात ठेवता आला तरच शेकोटी विझली.

गडावर थंडी वाजली तर स्वेटर घाला. शेकोटीने तशीही पाठ गारच राहते.