गाडी 'देत' नाही, पिते!

गेल्या खेपेला भारतात आलो तेव्हा चार दिवस सांगलीला मामांकडे होतो. बॅगा अजून दारातच होत्या, मामी चहाचं आधण ठेवत होती, आणि मामांचा पहिला प्रश्न आला. "काय रे, तुझी तिकडची गाडी अ‍ॅव्हरेज काय देते?" नोकरी कशी आहे, पोरगी बोलायला लागली का, हे सगळं त्यानंतर.

मी मिशिगनमध्ये राहतो आणि इंजिनांवर संशोधन करून पोट भरतो. पीएचडीची पाच वर्षं एकाच उद्योगात घालवली: इंजिनात गेलेल्या इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशेब लावणे. त्यामुळे कुणी हा प्रश्न विचारला की माझं उत्तर लांबतं आणि समोरच्याला जांभया येतात. (बायको तर सरळ उठून जाते.) या वेळी मात्र मी गप्प बसलो, कारण मामांनी लगेच पुढची बातमी दिली. त्यांची एक पेट्रोल गाडी भाड्याने फिरते. तिच्यावर सहा वर्षं असलेला ड्रायव्हर त्यांनी महिन्यापूर्वी काढून टाकला होता.

"अठराचं अ‍ॅव्हरेज पंधरावर आलं. लिटरमागे तीन किलोमीटर जातात कुठं? काढून विकत होता, दुसरं काय!"

मी विचारलं, मामा, तुम्ही मोजता कसं? मामा डायरी घेऊन आले. माणूस हिशेबाचा पक्का. तारीख, किती लिटर टाकलं, किलोमीटर, सगळं टापटीप. पद्धत अशी की हजार रुपयांचं पेट्रोल टाकायचं, काटा जिथे होता तिथे परत आला की किलोमीटर बघायचे आणि भागाकार करायचा. आपल्याकडे लाखो लोक असंच मोजतात. मंडळी, हा लेख त्या भागाकाराविरुद्ध आहे.

हजाराचं पेट्रोल म्हणजे सोयीसाठी दहा लिटर धरू. गाडी १८० किलोमीटर चालली आणि काटा 'परत आला'. आता तो काटा म्हणजे काय असतं? टाकीत तरंगणारा एक फ्लोट आणि त्याला जोडलेली तार. टाकी वेडीवाकडी, त्यामुळे काट्याचा अर्धा म्हणजे पेट्रोलचा अर्धा असं नाही. गाडी जरा उतारावर उभी असली तरी काटा हलतो. दोन लिटरची चूक त्यात सहज होते. म्हणजे खरं जळलेलं पेट्रोल आठ लिटर असेल किंवा बारा. १८० भागिले १२ म्हणजे १५. १८० भागिले ८ म्हणजे साडेबावीस. तीच गाडी, तोच रस्ता, तोच ड्रायव्हर! मामांचा 'चोर' त्या काट्यातच लपलेला असू शकतो.

मामांना हसण्याआधी माझी फजिती सांगतो. दोन वर्षं मी ऑफिसात छाती फुगवून सांगत होतो की माझी गाडी गॅलनला ३८ मैल देते, म्हणजे लिटरला सुमारे १६ किलोमीटर. कशावरून? तर डॅशबोर्डवर आकडा येतो म्हणून! मग एकदा लाज वाटून पंपाच्या पावत्या जमवल्या, बेरीज केली, तर निघाले ३५.६. जवळजवळ सात टक्के फुगवलेला आकडा, आणि मी, इंधनातला डॉक्टर, तो मिरवत होतो. हा आकडा कॉम्प्युटर कसा काढतो ते मला चांगलं माहीत होतं. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून तो पेट्रोलचा अंदाज बांधतो. अंदाज चांगला असतो, पण तो अंदाजच. पंपावरचं मीटर प्रत्यक्ष लिटर मोजतं आणि त्याची सरकारी तपासणी होते. भारतात तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं. शंका आली तर ग्राहक ते भरून दाखवा म्हणू शकतो, आणि त्यात २५ मिलिलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही. म्हणजे अर्धा टक्का. आपण ज्या पंपवाल्याला उठता बसता शिव्या देतो त्याचं माप आपल्या काट्यापेक्षा कितीतरी जास्त काटेकोर असतं.

मग बरोबर कसं मोजायचं? यात रॉकेट सायन्स काही नाही. टाकी फुल्ल करा, नोझल पहिल्यांदा 'टक्' करून थांबलं की बास, वर गळ्यापर्यंत भरू नका. किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच 'टक्'पर्यंत पुन्हा फुल्ल करा, आणि किती लिटर बसलं ते लिहा. पण एका टाकीवर निकाल लावू नका! नोझल थोडं आधी किंवा नंतर थांबलं तर लिटरभराचा फरक पडतो. ३५ लिटरच्या टाकीत तो तीन टक्के झाला. पाच टाक्या सलग लिहा. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. मधल्या एखाद्या वेळी लिटरभर कमी बसलं तर ते पुढच्या वेळी जास्त बसतं, बेरजेत ते फिटून जातं. चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या वेळची, आणि १७५ लिटरांत एक लिटर म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर. एका वहीने आणि पेनने अर्ध्या टक्क्याची अचूकता! आमच्या प्रयोगशाळेत त्यासाठी केवढा खर्च होतो ते सांगत नाही.

दोन बारकावे आहेत. पहिला, किलोमीटरचं मीटर. ते चाकाचे फेरे मोजतं, रस्ता नाही. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर खोल असते आणि झिजून दोनवर आली की चाक दोनेक टक्के लहान झालेलं असतं. मग तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे होतात, मीटर जास्त किलोमीटर दाखवतं, आणि गुळगुळीत टायरवर गाडी 'जास्त देते'! हमरस्त्यावर पन्नास किलोमीटरचे दगड मोजून एकदा मीटर तपासा. दुसरा बारकावा, सरासरीची सरासरी काढू नका. घाट चढताना शंभर किलोमीटरला १० चं अ‍ॅव्हरेज, उतरताना शंभर किलोमीटरला २०. एकूण १५? नाही. चढताना दहा लिटर, उतरताना पाच, म्हणजे दोनशे किलोमीटरला पंधरा लिटर, म्हणजे १३.३. अ‍ॅव्हरेज अ‍ॅव्हरेज म्हणून आपण ज्याचा जप करतो ते काढतानाच आपण चुकतो.

याचं कारण त्या 'देते' शब्दात आहे असं माझं ठाम मत आहे. गाडी देत काही नाही हो, पिते! लिटरला किती किलोमीटर हे विचारण्यापेक्षा शंभर किलोमीटरला किती लिटर हे विचारा, डोकं ताळ्यावर येतं. समजा घरात दोन गाड्या आहेत. जुनी जीप १० देते, दुरुस्त करून साडेबारा होईल. छोटी गाडी २० देते, ती बदलली तर २५ ची मिळेल. कुठे जास्त वाचेल? आपण पटकन म्हणतो २० ची २५, पाच किलोमीटर वाढले की! आता लिटर मोजा. हजार किलोमीटरला जीप १०० लिटर पीत होती ती ८० वर आली, वीस लिटर वाचले. छोटी ५० वरून ४० वर, दहाच वाचले. ड्यूक विद्यापीठातल्या लॅरिक आणि सॉल या दोघांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात हाच भ्रम दाखवून दिला. त्यानंतर अमेरिकेत २०१३ च्या मॉडेलपासून नव्या गाडीच्या लेबलवर 'शंभर मैलाला किती गॅलन' हेही छापणं आलं. युरोपात तर शंभर किलोमीटरला लिटर हीच रीत आहे.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, कंपनीने एआरएआयचा आकडा छापलाय ना! पुण्यातल्या टेकडीवरच्या त्या संस्थेबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण तो आकडा कसा येतो ते बघा. गाडी रोलरवर उभी. समोर पंखा. खोलीचं तापमान सुखद. सराईत ड्रायव्हर पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमीजास्त करतो, आणि भारतीय चाचणीत वर्षानुवर्षे कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आणि एसी बंद. पेट्रोलही थेट मोजत नाहीत. धुरातल्या कार्बनचा हिशेब करून उलटं गणित मांडतात. (हे अतिशय सुंदर गणित आहे, पण बायको उठून जाईल, म्हणून थांबतो.) हा आकडा खोटा नाही. दोन गाड्या एकाच परीक्षेला बसवून तुलना करण्यासाठी तो उत्तम आहे. तो आपल्या गाडीचं वचन समजून भांडणं मात्र चूक आहे.

आणि 'तिकडे सगळं कसं छान' असं मी अजिबात म्हणत नाही. २०१२ साली अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांच्या लेबलांवरचे आकडे फुगलेले निघाले. सरकारचा आक्षेप असा होता की अनेक चाचण्यांची सरासरी घेण्याऐवजी सोयीचे निकाल निवडले गेले. २०१४ मध्ये दहा कोटी डॉलर दंडावर तडजोड झाली. युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांचीच आकडेवारी मांडली तेव्हा पेट्रोल-डिझेल गाड्या लेबलपेक्षा सुमारे २० टक्के जास्त पीत होत्या, आणि चार्जिंगच्या हायब्रिड गाड्या साडेतीन पट! हे कळलं कशामुळे? तर २०२१ पासून तिथे प्रत्येक नव्या गाडीत प्रत्यक्ष खपाची नोंद ठेवणारं यंत्र सक्तीचं आहे, आणि ती नोंद सरकारकडे जमा होते म्हणून. माझी मागणी एवढीच आहे की भारतातही हे व्हावं. जगातल्या मोठ्या मोटार बाजारांपैकी एक आपला आहे आणि आपण अजून मामांच्या काट्यावर चाललोय.

सोयीचे निकाल निवडणारे फक्त कंपन्यांत असतात असं नाही. मामांचे ते 'अठरा' कुठून आले होते? एकदा पहाटे सांगलीहून पुण्याला रिकाम्या हमरस्त्याने गेले होते, तेव्हाचे. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात आपल्या गाडीची एक सर्वोत्तम टाकी असते आणि तिलाच आपण अ‍ॅव्हरेज म्हणतो.

इथेनॉलच्या वादातही तेच. २०२५ मध्ये पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे मिळू लागलं आणि अर्धे लोक ओरडले की वीस टक्के अ‍ॅव्हरेज गेलं, अर्धे म्हणाले काहीच फरक नाही. मोजलं कुणी? इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. दहाचे वीस टक्के झाले की तीनेक टक्के घट यायलाच हवी. शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर सहा-सात टक्के, आणि नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या चारचाकींसाठी तोच अंदाज आहे. तीन टक्के शोधायचे तर एक टाकी पुरत नाही, पाच-सहा टाक्या लागतात, तोच रस्ता, तोच ऋतू. हे कष्ट न करता केलेला आरडाओरडा आणि न करता दिलेला दिलासा, दोन्ही माझ्या लेखी सारखेच. गंमत म्हणजे मामांनी इथेनॉलला कधीच दोष दिला नाही. त्यांचा ऊस कारखान्याला जातो!

'अमेरिकेत बसून शहाणपण शिकवू नकोस' असा अभिप्राय येणार हे मला ठाऊक आहे. कबूल. म्हणून मी मामांच्या डायरीतलेच आकडे घेतले. काट्याचे भागाकार सोडून दिले आणि नुसत्या बेरजा केल्या, पावत्यांचे लिटर आणि मीटरचे किलोमीटर. आधीचे आठ महिने: ११,९३६ किलोमीटर, ६९८ लिटर, म्हणजे १७.१. शेवटचे चार महिने: ६,६१० किलोमीटर, ४०३ लिटर, म्हणजे १६.४. घट चार टक्के. अठराचे पंधरा कधी झालेच नव्हते. आणि ते चार महिने पावसाळ्याचे, गाडी बहुतेक गावातल्या भाड्यांवर, काचा बंद आणि एसी चालू.

मामा बराच वेळ डायरीकडे बघत बसले. मामी आतूनच म्हणाली, "मग त्या पोराला फोन करा की आता."

मामांनी रात्री केला. पोरगा पुण्यात दुसऱ्याची गाडी चालवायला लागला होता. मामांशी नीट बोलला, तब्येतीची चौकशी केली, पण परत यायला नाही म्हणाला. मामांची वही आता नव्या पद्धतीने चालू आहे. परवा फोनवर अभिमानाने सांगत होते, शंभराला ६.१ लिटर. 'पिते' म्हणाले, 'देते' नाही!