हंगेरी : दोन काठ, एक शहर

घरातील मुलामुलींना शाळेचा नकाशा काढायला सांगा. युरोपच्या मध्यावर बोट ठेवले की हंगेरी सापडेल. या देशाला समुद्र नाही. ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, युक्रेन, रुमानिया, सर्बिया, क्रोएशिया व स्लोव्हेनिया असे सात शेजारी त्याला वेढून आहेत. पहिल्या महायुद्धानंतर 1920 च्या तहात या देशाचा सुमारे दोन-तृतीयांश मुलूख गेला.

जमीन बहुतेक सपाट. सर्वात उंच शिखर केकेश, तेही अवघे 1014 मीटर. पूर्वेच्या विस्तीर्ण मैदानात तिसा नदी वाहते. तेथे गहू, मका, सूर्यफूल पिकते, आणि मिरचीसुद्धा! तिला ते पाप्रिका म्हणतात. सेगेद शहरातील शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी याच मिरचीतून भरपूर 'क' जीवनसत्त्व वेगळे काढले. त्यांना 1937 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पाटा-वरवंट्यावरच्या मिरचीला कमी लेखू नये, ते यासाठी.

ईशान्येकडे खाणी व कारखान्यांचा भाग आहे. खाणी बंद पडल्या तशी तेथील रोमा लोकांची रोजी गेली. या लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले, असे त्यांच्या भाषेवरून अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. गावकुसाबाहेरची वस्ती, शाळेत वेगळा वर्ग, हे त्यांच्याही वाट्याला आले. या भागातील शायोकाझा गावी 2007 साली रोमा मुलांसाठी शाळा सुरू झाली. तिला नाव दिले डॉ. आंबेडकर.

आता राजधानीकडे वळू. डॅन्यूब नदी वायव्येकडून येते, एकदम दक्षिणेला वळते आणि बुडापेस्टमधून जाते. पश्चिम काठावर डोंगराळ बुडा, पूर्वेला सपाट पेस्ट. ही दोन आणि ओबुडा अशी तीन गावे 1873 साली एक झाली. बुडाच्या टेकडीवर राजवाडा आहे. शहरात गरम पाण्याचे शंभरावर झरे आहेत, त्यामुळे जागोजागी स्नानगृहे.

पण आम्हाला सांगायचे आहे ते साखळी पुलाविषयी. पूर्वी येथे होड्यांचा पूल असे, हिवाळ्यात तो काढून घेत. इश्तवान सेचेनी या सरदाराला 1820 साली वडिलांच्या अंत्यविधीला जायचे होते. बर्फामुळे आठवडाभर नदीकाठी अडकून पडावे लागले, असे सांगतात. पुढे त्याने पक्क्या पुलाचा ध्यास घेतला. त्या काळी हंगेरीत सरदार-उमराव कर भरत नसत, सारा भार कुळांवर. परंतु 1836 च्या कायद्याने ठरले की या पुलावरून जाणारा कोणीही असो, टोल भरील. उमरावांच्या करमाफीला पडलेले हे पहिले भगदाड! दगड-लोखंडाच्या पुलाचे नवल अनेकांना वाटते, आम्हाला या टोलाचे अधिक वाटते.

आराखडा इंग्रज इंजिनियर विल्यम क्लार्कचा, बांधकाम अॅडम क्लार्कचे. आडनाव एक, पण नाते नाही. पूल 1849 साली खुला झाला. जानेवारी 1945 मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन फौजांनी तो उडवला. लोकांनी पुन्हा उभारून बरोबर शंभराव्या वर्षी, 20 नोव्हेंबर 1949 रोजी, तो सुरू केला.

जवळच पेस्टच्या काठावर संसद भवन आहे. घुमट 96 मीटर उंच. युरोपच्या मुख्य भूमीवरील पहिली भुयारी रेल्वेही याच शहरात 1896 साली धावली.

संसदेपासून काठाने थोडे चालत गेले की साठ जोड लोखंडी बूट दिसतात. पुरुषांचे, बायकांचे, लहान मुलांचेही. 1944-45 च्या हिवाळ्यात हंगेरीतील नाझी टोळ्यांनी ज्यू लोकांना येथे आणले, बूट काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत लोटले. त्या काळी बूट महाग, म्हणून ते मागे ठेवून घेतले. हे स्मारक 2005 साली झाले. येणारे जाणारे त्या बुटांत फुले व मेणबत्त्या ठेवतात.