मासा टाकीच्या मापाने वाढत नाही

मासा टाकीच्या मापानेच वाढतो, म्हणून दोन फुटी खाऱ्या टाकीत ब्लू टँग खुशाल ठेवावा, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. मुळीच पटले नाही. ‘फाइंडिंग निमो’ चित्रपटातली डोरी ती हीच. दुकानात बोटाएवढी दिसते, पण पूर्ण वाढ जवळपास ३० सेंटिमीटर, म्हणजे अर्धी टाकी! अडचणीच्या जागेत वाढ खुंटते खरी, पण ती हाल होऊन.

त्यात हे मोताळा. इथल्या नळगंगा नदीचे पाणी गोडे. समुद्र घरीच बनवायचा, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ मोजून. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, वीज गेली की पंप बंद. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि सतत पळणाऱ्या मोठ्या माशाला तोच जास्त लागतो. लहान टाकी तापतेही लवकर.

हौसच असेल तर क्लाउनफिश आणा (निमो तोच). दहा सेंटिमीटरच्या आसपास थांबतो, एका कोपऱ्यात रमतो. टँग मात्र सहा फुटांच्या आतल्या टाकीत मी तरी सोडणार नाही, दुकानदार काहीही म्हणो.

— एक वाचक, मोताळा (जि. बुलढाणा)