चाळणी गुणवत्तेची की ऐपतीची?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. परंतु हा हक्क प्रत्यक्षात आणणारी माणसे घडवण्याचे काम मात्र बऱ्याच अंशी बाजारावर सोपवले गेले. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे आढळले. या दरीचे एक मूळ प्रवेशअर्जाच्या खिडकीपाशीच सापडते.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी हवी, तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले शिक्षण घ्यावे लागते. एम. ए. झालेल्या शेतमजुराच्या मुलीने ही वाट धरली, की बहुतेक संस्थांचा अर्ज निराळा, शुल्क निराळे, परीक्षा निराळी. त्यात परगावच्या प्रवासाचा खर्च. शासकीय संस्थांतील जागा मूठभर आणि खाजगी विद्यापीठांचे शुल्क लाखांच्या घरात. शिवाय मुलाखत बहुधा इंग्रजीत! उद्या ज्या रुग्णाचे दुःख ऐकायचे, तो बोलणार मराठीत, गोंडीत वा भिलीत. त्या भाषांच्या जाणकारीला मात्र गुण नाहीत.

धोरणातील धरसोड तर विचारूच नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम. फिल. बंद केले आणि जानेवारी २०२४ मध्ये या शाखेला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. मधल्या काळात ताटकळले ते विद्यार्थीच.

जागा वाढवल्यास दर्जा घसरेल, असा आक्षेप घेतला जातो. देखरेखीखालील प्रशिक्षणाला अनुभवी अध्यापक लागतात, हे खरेच आहे. पण अध्यापक आभाळातून पडत नाहीत. शासनाने पदे निर्माण करून ती भरली, तरच ते मिळतात. वस्तुतः ही टंचाई नैसर्गिक नाही, ती खर्च टाळण्यातून निर्माण झाली आहे. टंचाईने सेवेचे मोल चढते, आणि लाखो रुपये ओतून शिकलेला तज्ज्ञ ते वसूल करण्यासाठी महानगरातच दवाखाना थाटतो. यात दोष त्या व्यक्तीचा नाही, व्यवस्थेचा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात: सर्व संस्थांसाठी एकच अर्ज व एकच परीक्षा, तीही मातृभाषेत देण्याची मुभा, येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांत विद्यावेतनासह पुरेशा जागा, आणि त्या बदल्यात जिल्हा रुग्णालयांत ठरावीक वर्षांची सेवा. कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात जाऊन एवढेच विचारावे: येथे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे पद आहे काय, आणि असल्यास ते भरले आहे काय? जे उत्तर मिळेल, तेथूनच लढ्याला आरंभ करावा.