पेरणीआधीची मशागत

परवा पुतण्या धापा टाकत ओट्यावर येऊन बसला. "काका, तुळजापूर गेल्या आठवड्यापेक्षा चार मिनिटं लवकर!" शर्यत डिसेंबरात आणि हा जुलै. "मग डिसेंबराला काय उरणार?" मी विचारलं. तो रागावला. मागच्या वर्षी हाच मुलगा ऐन हंगामात गुडघा धरून घरी बसला होता, तो विषय मात्र आम्ही दोघांनीही काढला नाही.

आमच्या धाराशिवकडे नांगरट-कुळवणी केल्याशिवाय कुणी तिफण धरत नाही. सायकलवाल्यांना मात्र थेट पेरणीची घाई. हंगाम नसतानाचे दोन-तीन महिने मशागतीचे. सोबत्याशी सलग बोलता येईल इतक्याच वेगानं, पण तास-दोन तास, आठवड्यातून चार-पाच दिवस चालवायचं. त्यानं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागतं, स्नायूंतल्या केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, शरीर साखर राखून चरबी जाळायला शिकतं. रोज जोर लावून हे लवकर उरकत नाही, नुसता थकवा साचतो.

अर्थात सगळ्यांचं रान सारखं नसतं. मुंबई-पुणे शर्यतीचा बोरघाट ज्याच्या डोळ्यांपुढे आहे, त्यानं या सावकाशीत आठवड्याला एखादा घाट जरूर घ्यावा. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत पुरी करणाऱ्याला वेगापेक्षा बैठक हवी. वाटेत काय खाल्लेलं पचतं, हेही त्याला आताच कळायला हवं. व्हेलोड्रोमवरच्या झटपट शर्यतीवाल्यानं मात्र व्यायामशाळेत घाम गाळावा.

आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. सह्याद्रीत झड लागलेली असते, तेव्हा बालाघाटच्या पठारावर उघडीप असते. (त्या उघडिपीला आम्ही शिव्या देतो, तो भाग निराळा.) सरावाला याहून चांगलं काय हवं?

आणि मानव विकासच्या सायकलींवरून दप्तर घेऊन रोज शाळेला जाणाऱ्या मुली? त्यांची मशागत वर्षभर आपोआप चालू असते. निवड करणाऱ्यांनी एका फेरीचं स्टॉपवॉच जरा खिशात ठेवून या मुलींना दोन तास चालवून पाहावं, असं मला फार वाटतं.

काल पुतण्याला माझ्या जुन्या काळ्या सायकलीसोबत येडशीला नेलं. रस्ताभर गप्पा मारायच्या, ही अट. पठ्ठ्या दोनदा पुढे पळाला. दोन्ही वेळा झाडाखाली थांबून माझी वाट बघत होता.