शिळे पाणी



विठ्ठलवाडीच्या चाळींतून नळाला पाणी येण्याच्या वेळी चक्कर मारा. एक आवाज हमखास ऐकू येईल: हंडे, कळशा, पिंपे मोरीत उपडी केली जात आहेत. कालचे पाणी ‘शिळे’ झाले, आज ‘ताजे’ आले! आदल्या दिवशी हेच पाणी पुरणार नाही म्हणून घरातल्या मुलांना दोन तांब्यांत अंघोळ उरकायला लावलेली असते. या ‘शिळे’ शब्दाशी माझे भांडण आहे.

मे महिन्यात तुमच्या हंड्यात पडणारे पाणी आकाशातून केव्हा पडले? बहुतेक गेल्या जुलै-ऑगस्टात. म्हणजे ‘ताजे’ पाणी मुळातच नऊ-दहा महिन्यांचे शिळे असते. मग एवढे दिवस ते होते कोठे?

त्याचा एक भाग बारवी धरणात होता. बारवी नदीवरचे हे धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ मध्ये बांधले आणि पुढे त्याची उंची वाढवली. त्यासाठी मुरबाड तालुक्यातील गावपाड्यांची घरे आणि शेते पाण्याखाली गेली. धरणातून सोडलेले पाणी नदीतून वाहत येते व जांभूळ येथे उचलले जाते. उल्हासनगर शहराला स्वतःचे धरण नाही. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले हे शहर याच पाण्यावर जगते.

दुसऱ्या भागाची हकीकत अधिक मौजेची आहे. उल्हास नदी उन्हाळ्यातही वाहते, याचे श्रेय आपण नदीला देतो. वास्तविक सह्याद्रीतून निघणाऱ्या कोकणातल्या बहुतेक नद्या फाल्गुन-चैत्रात डबक्यांवर येतात. आपला बेसॉल्ट खडक पाणी फारसे धरून ठेवत नाही, आणि डोंगर ते समुद्र हे अंतरही थोडे. उल्हास वाहते ती विजेमुळे! मावळात आंध्रा नदीवर टाटांचे धरण आहे. ही नदी मूळची पूर्ववाहिनी. तिचे पाणी इंद्रायणीतून भीमेला, तेथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जाणारे. ते अडवून बोगद्यातून घाटाखाली भिवपुरीच्या वीजकेंद्रात सोडले जाते. हे केंद्र १९२२ पासून चालू आहे. जनित्रे फिरवून बाहेर पडलेले पाणी उल्हास नदीला मिळते.

येथे थोडे गणित करू. पाण्याची ही उडी सुमारे ५०० मीटरची आहे असे धरा. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. एक किलो पाणी ५०० मीटर खाली आले की ४,९०० ज्यूल मिळतात. भागाकार करा: एका युनिटला सुमारे ७३५ लिटर पाणी, आणि यंत्रांतील तूट धरली तर आठशेच्या वर. १०० वॉटचा दिवा दहा तास जळतो तेव्हा एवढे पाणी सह्याद्री उतरते. पण वीज काढून घेतली तरी पाण्याचा एक थेंबही खर्च होत नाही. तेच पाणी पुढे आपण पितो. मात्र घाटमाथ्यापलीकडे सोलापूरकडच्या कोरड्या मुलखातील लोक विचारतात, की भीमेचे हे पाणी पश्चिमेला का वळवावे? प्रश्न गैरवाजवी नाही. आपण मोरीत ओततो ते पाणी कोणाचे, याचे उत्तर इतके सोपे नाही एवढे ध्यानात ठेवा.

आणि दाराशेजारी काय आहे? वालधुनी. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर हिच्याच काठी आहे. हिच्या वरच्या अंगाला काकोळे येथे रेल्वे कंपनीने इंजिनांसाठी तलाव बांधला, म्हणजे वाफेच्या इंजिनाला चालेल असे पाणी त्या काळी तिच्यात होते. पुढे वस्ती आणि कारखाने यांचे सांडपाणी घेत ती विठ्ठलवाडीपाशी येते तेव्हा नाकाला रुमाल लावावा लागतो. मला विचाराल तर आपल्याकडची पाणीटंचाई ही पावसाची टंचाई नव्हेच. येथे दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिन्यांत पडतो ही एक अडचण, आणि हाताशी असलेली नदी आपण गमावली ही दुसरी. दुसरीचा दोष निसर्गाला देता येत नाही.

बचतीच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांतल्या काही मोजून पाहाव्यात. दर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ घ्या. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला सव्वाचार लिटर होतात. वाईटच, पण अर्धी बादलीसुद्धा नाही. आता रस्त्याखालच्या नळाला ५ मिलिमीटर व्यासाचे भोक पडले आहे आणि आत १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब आहे असे समजा. पाणी सेकंदाला १४ मीटर वेगाने बाहेर पडू पाहते. भोकाच्या कडांमुळे होणारी घट वजा करूनही मिनिटाला सुमारे १० लिटर जातात. अखंड पुरवठा असेल तर दिवसाला १४,००० लिटर! माणशी १३५ लिटर या सरकारी मानाने शंभर माणसांचे पाणी एका भोकातून गेले. शिवाय पुरवठा बंद झाला, नळातला दाब उतरला, की त्याच भोकातून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. म्हणून नळ गळताना दिसला तर त्याची जागा वहीत टिपून नगरपालिकेला अर्ज करणे, हे माझ्या मते घरचा थेंब वाचवण्याहून मोठे काम आहे.

दुसरे, आपण वाचवतो ते अवेळी. २०१५ चा पाऊस कमी झाला तेव्हा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत या पट्ट्यात आठवड्यातील काही दिवस नळ कोरडे असत, आणि सर्वांना काटकसर आठवली. पण धरणाचा साठा संपू लागतो तो ऑक्टोबरपासून. भरून वाहणाऱ्या धरणाचे पाणी ऑगस्टात वाचवून साठा वाढत नाही. ऑक्टोबरात वाचवलेले मेपर्यंत टिकते. बाष्पीभवनात ते उडून जाईल, असे कोणी म्हणेल. बाष्पीभवन पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. पातळी जराशी वर राहिल्याने क्षेत्रफळ थोडेच वाढते, म्हणून वाचवलेल्यातले बहुतेक उरते. अर्थात धरणातून पाणी सोडणाऱ्यांनी तेवढे कमी सोडले पाहिजे. तसे झाले नाही, तरी तुमच्याकडून राहिलेली कळशी निदान नळाच्या शेवटच्या टोकाच्या घरी पोचेल.

आता पुन्हा हंड्याकडे. झाकलेले, ओगराळ्याने काढलेले पाणी एका रात्रीत खराब होत नाही. मात्र आठवडाभर तसेच ठेवलेल्या पिंपात डेंग्यूचे डास वाढतात, तेव्हा आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासलीच पाहिजेत. त्या दिवशीचे पाणी लादी पुसायला, संडासला वापरा. आई ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. आमच्या घरीही पुष्कळ दिवस ऐकले गेले नाही. शेवटी पिंपावर खडूने लिहिले: ‘पाऊस पडल्याची तारीख: गेला ऑगस्ट.’ खडू दोनदा पुसला गेला, तिसऱ्यांदा राहिला.